लिफ्ट चालू आहे

तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी एक पितळी पाटी होती. ‘लिफ्ट चालू आहे.’ चार स्क्रूंनी भिंतीत घट्ट बसवलेली. लिफ्ट चालू असो, बंद असो, दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली असो, पाटी आपली तेच सांगायची. इमारतीच्या समितीचे अध्यक्ष ती दर आठवड्याला पुसून घ्यायचे. एवढी माया त्यांनी लिफ्टवर केली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

अगदी वर, आठव्या मजल्यावर, दोघी बहिणी राहायच्या. थोरलीला सगळी इमारत ताई म्हणायची. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिल्यामुळे आवाज खणखणीत, आणि जीभ त्याहून. पाय मात्र सांधेदुखीने खाल्ले होते, आता चाकांच्या खुर्चीत. धाकटी घरी बसून छोट्या दुकानांच्या वेबसाइट बनवायची. किल्ल्या बनवणारा, पडदे शिवणारी, सायकली दुरुस्त करणारा, असली तिची गिऱ्हाइकं.

मंगळवारी आणि शुक्रवारी ताईला गाडी न्यायला यायची, पोहण्याच्या तलावात पाण्यातला व्यायाम करायला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, हा व्यायाम चुकत राहिला तर आत्ता आधाराने दोन मिनिटं उभं राहता येतं, तेही जाईल. आणि तीन महिन्यांत तो नऊ वेळा चुकला होता. नऊच्या नऊ वेळा लिफ्ट बंद.

देखभाल करणाऱ्या कंपनीच्या माणसाला दोघी उद्याराव म्हणायच्या. केव्हाही विचारा, कधी दुरुस्त होणार? उत्तर ठरलेलं, “उद्या.” आणि याच कंपनीला आणखी पाच वर्षांचा करार द्यायचा अध्यक्षांनी घाट घातला होता. अडीच महिन्यांनी सभा होती. आणखी पाच वर्षं म्हणजे ताईच्या पायांची माती, हे धाकटीला लख्ख दिसत होतं. ती तक्रार करायला गेली की अध्यक्ष फाइल उघडून म्हणायचे, “आमच्या नोंदीत तर लिफ्ट चालूच दिसतेय, बाई.”

“बरं,” धाकटी घरी येऊन म्हणाली, “तर मग नोंद आपणच ठेवू.”

लिफ्ट हलली की प्रत्येक मजल्यावर दाराच्या वर एक बाण पेटायचा. आठव्या मजल्यावरच्या बाणासमोर तिने उजेड ओळखणारा दाण्याएवढा तुकडा चिकटपट्टीने लावला. त्याची वायर दाराच्या फटीतून घरात घेतली आणि काडेपेटीएवढ्या एका सर्किटला जोडली. चोवीस घरांची इमारत, दिवसा लिफ्ट पाव तास स्वस्थ उभी राहणं अशक्य. तेव्हा रात्र सोडून केव्हाही पाव तास बाण पेटला नाही की सर्किट घरच्या वायफायवरून ‘बंद’ असा निरोप धाडणार, पुन्हा पेटला की ‘चालू’. इंटरनेटवर एक पान, आणि त्या पानावर आलेला शेवटचा शब्द.

एकच शब्द, पण त्यावर तिने आठवडा घातला. गिऱ्हाइकांच्या हट्टापायी दिवसभर पानांत फिरती चित्रं कोंबून कोंबून ती विटली होती. इथे चित्र नाही, जाहिरात नाही, नाव-गाव विचारणं नाही. जिन्यात उभ्या माणसाचा एकच प्रश्न, पानाने त्याचं एकच उत्तर द्यायचं, आणि तेही दहा वर्षं जुन्या फोनवर, नेटवर्कची एक काडी असताना. आधी तिने चालूला हिरवा आणि बंदला लाल ठोकळा काढला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या घड्याळजींना दाखवला तर ते डोळे बारीक करून म्हणाले, “मला दोन्ही सारखेच मातकट दिसतात हो. घड्याळात मी रंग बघत नाही, काटे बघतो.” धाकटीने कपाळावर हात मारला आणि रंग काढून टाकले. काळी अक्षरं, अंगठ्याएवढी. खाली रोजची नोंद: कधी बंद पडली, कधी सुरू झाली.

पानाचा पत्ता चिठ्ठीवर लिहून तिने पितळी पाटीखाली चिकटवला. अध्यक्षांनी फाडला. तिने पुन्हा चिकटवला. त्यांनी पुन्हा फाडला आणि वर ऐकवलं, “इमारतीची बदनामी चालवलीय तुम्ही.” चोराच्या उलट्या बोंबा! बंद पडणारी लिफ्ट बदनामी करत नाही, ती बंद आहे असं म्हणणारी बाई करते. धाकटीने मग चोवीस घरांच्या टपालपेट्यांत चोवीस चिठ्ठ्या टाकल्या. “फाडा आता,” ती म्हणाली.

पंधरा दिवसांत इमारतीला सवय लागली. दळण-बाजाराची पिशवी उचलण्याआधी लोक पान बघू लागले. धाकटीची छाती जरा फुगली, आणि तिथेच माती खाल्ली.

मंगळवार होता. धाकटी किल्लीवाल्याच्या दुकानात कामाला गेली होती. ताईने तलावावर जाण्याआधी निळा शर्ट इस्त्री केला. इस्त्रीसाठी भिंतीतला एक प्लग काढला, तो वायफायचा होता. शर्ट झाला, गाडी आली, ताई गेली, प्लग तसाच लोंबकळत राहिला. साडेअकराला लिफ्ट बंद पडली. सर्किटने निरोप धाडायचा तर धाडणार कुठून? पानावर सकाळचा शेवटचा शब्द ठाण मांडून बसला होता. चालू.

बाराला गाडी परत आली. ड्रायव्हरने पान बघितलं, ‘चालू आहे, ताई’ म्हणाला, तिला लिफ्टसमोर सोडून पुढच्या माणसाला आणायला गेला. ताईने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. भिजलेले केस, समोर पितळी पाटी, आणि धाकटी फोन उचलत नव्हती, कारण तिने तो पिशवीतच ठेवला होता आणि किल्ल्या कापायच्या मशीनच्या आवाजात तो ऐकूच आला नाही. ताई चार तास तिथे बसून होती; येणारे-जाणारे विचारायचे, तर ‘बहीण येतेय’ म्हणून ती त्यांना वाटेला लावायची. चार तासांत माणसाला काय काय लागतं ते सांगायला नको, आणि तळमजल्यावर तशी सोय नाही. धाकटी आली तेव्हा ताई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मांडीवर ओला टॉवेल पसरला होता आणि तो ती काही केल्या उचलू देईना.

संध्याकाळी अध्यक्षांनी जिन्यात सगळ्यांदेखत सुनावलं. “बघितलंत? यांचं यंत्र खोटं बोलतं. स्वतःच्या बहिणीलाही फसवलं.” हे ऐकायला धाकटीला सगळ्यात जास्त जड गेलं, कारण ते खरं होतं.

घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला. “पान काढून टाकते, ताई. झालं तेवढं पुरे झालं.”

“काढून तर बघ!” ताई कडाडली. “इस्त्री मी केली, प्लग मी काढला. पण खोटं तुझं पान बोललं. का बोललं ते सांग.”

“कारण त्याला निरोपच गेला नाही. शेवटचा शब्द तसाच राहिला.”

“म्हणजे त्याला ठाऊक नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग ठाऊक नाही असं म्हणायला काय त्याच्या जिवावर आलं होतं? एक्स्चेंजमध्ये लाइन मुकी झाली तर मी ‘बोला, बोला’ करत बसायचे का? सरळ सांगायचे, लाइन तुटली. अगं, माहीत नसताना चालू म्हणणारी एक पाटी खाली आहेच की. दुसरी कशाला केलीस?”

धाकटीला हे झोंबलं, आणि झोंबलं म्हणूनच कामाला आलं. तिने सर्किटला नवीन शिस्त लावली. लिफ्ट हलो न हलो, दर मिनिटाला ‘मी जागा आहे’ असा निरोप पाठवायचाच. पाच मिनिटं तो आला नाही की पान आपणहून शब्द बदलणार: माहीत नाही. शब्दाखाली आणखी एक ओळ, लिफ्ट शेवटची कधी हलली. आणि खालच्या नोंदीत तिने स्वतःच्या हाताने टाईप केलं: ‘मंगळवार, साडेअकरा ते चार. पानाने चालू म्हटलं. लिफ्ट बंद होती. चूक पानाची.’

“हे कशाला लिहितेस?” घड्याळजींनी विचारलं. “हात दाखवून अवलक्षण.”

“असू दे अवलक्षण. झालंय ते लिहायचं.”

मग एक गंमत झाली. एका दुपारी वायफाय गेलं, पानावर ‘माहीत नाही’ आलं, आणि दहा मिनिटांत चार घरांतून फोन आले, तुम्ही बऱ्या आहात ना, म्हणून. पानावर आता लोकांचा पूर्वीपेक्षा जास्त विश्वास बसला होता. धाकटीला त्या दिवशी रडूच आलं.

सभेचा रविवार उजाडला. सकाळी दहाला, तळमजल्याच्या हॉलमध्ये. इमारतीचा जुना नियम असा की घर ज्याच्या नावावर त्यानेच सभेत हजर राहून हात वर करायचा. आठव्या मजल्यावरचं घर ताईच्या नावावर होतं. पण खुर्ची आत घेतली की लिफ्ट भरूनच जायची, म्हणून ताई नेहमी सगळ्यांना आधी जाऊ द्यायची. धाकटी पुढे उतरली. दहाला पाच कमी असताना शेवटची माणसं खाली आली.

उद्याराव भिंतीवर रंगीत आलेख दाखवत होता. वर्षभरात लिफ्ट फक्त तीन दिवस बंद! धाकटी उभी राहिली. “माझ्या पानावर साठ दिवसांची नोंद आहे. त्यातले बावीस दिवस ती बंद पडलीय. तारीख आणि वेळ लिहिलीय.”

“कोणाच्या पानावर?” अध्यक्ष हसले. “त्या मंगळवारी चालू म्हणत होतं, त्याच ना?”

“त्याच. ती चूक माझ्याच पानावर लिहिलीय, मीच लिहिलीय, वाचा. आता तुमच्या फाइलीत तुम्ही स्वतः लिहिलेली एक चूक दाखवा. एक! मी आत्ता पान बंद करते.”

अध्यक्षांनी फाइल मिटली. उद्याराव मात्र उसळला. “अहो, आत्ता मी स्वतः लिफ्टने वर जाऊन आलो! उत्तम चालू आहे.”

एवढ्यात धाकटीचा फोन वाजला. ताई होती. आवाज इतका खणखणीत की पहिल्या रांगेला ऐकू गेला. “बटण दाबून बोट दुखलं. बाण पेटत नाही.”

हॉलमधले सगळे खिशात हात घालू लागले. चोवीस फोनांवर एकच शब्द. बंद. शेवटची हलली: नऊ सत्तावन्न. घड्याळजी उठले, बाहेर जाऊन त्यांनी सगळ्यांसमोर बटण दाबलं, मनगटावरच्या घड्याळात बघत दोन मिनिटं उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, “पान बरोबर आहे. पाटी चूक आहे.”

“ठीक आहे, ठीक आहे,” अध्यक्षांनी कागद आवरले. “एक मत कमी. नियम म्हणजे नियम. हजर असतील त्यांचं मत घेऊ.”

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. टॉवेल मांडीवर घट्ट धरून भिंतीकडे बघणारी ताई तिला दिसली, आणि ती ओरडलीच. “नियम मीही वाचलाय! सभा इमारतीत झाली पाहिजे एवढंच लिहिलंय. कुठल्या मजल्यावर ते लिहिलेलं नाही. माझी बहीण खाली येऊ शकत नाही, तर सभा वर जाईल. चला!”

“आठ मजले?” अध्यक्षांचा चेहरा पडला.

“पाच तर माझे रोजचेच आहेत,” पाचव्या मजल्यावरची एक बाई म्हणाली आणि उठली. तिच्यामागे घड्याळजी उठले, मग खुर्च्यांचा आवाज झाला आणि सगळी सभाच जिन्याला लागली. दुसऱ्या मजल्यापर्यंत गप्पा चालल्या. चौथ्यावर त्या थांबल्या. पाचव्यावर एकाने उद्यारावला विचारलं, “तीन दिवस म्हणालात ना?” उद्यारावला बोलायला दम नव्हता. सहाव्यावर अध्यक्ष पायरीवर बसले. घड्याळजींनी त्यांना हात देऊन उठवलं. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या अध्यक्षांना आठ मजले म्हणजे काय, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

वर दार उघडं होतं. ताई निळा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसली होती. “या,” ती म्हणाली. “मी केव्हाची हजर आहे.”

करार वाचायचं त्राण कोणाला उरलं नव्हतं. अध्यक्षांनी धापा टाकत विचारलं, याच कंपनीला पाच वर्षं, कोणाकोणाला मान्य? जिन्यात नुसता श्वासांचा आवाज. नको असलेल्यांनी हात वर करा म्हटल्यावर हात मोजायची गरज पडली नाही. ताईने हात वर केला, आणि दुसऱ्या हाताने दाराची कडी धरून ती उभी राहिली. दोन मिनिटं नाही, जेमतेम अर्धं मिनिट. धाकटी धरायला धावली तर तिने तिला डोळ्यांनीच थांबवलं.

मग ती परत खुर्चीत बसली आणि उद्यारावकडे वळली. “आता एवढं सांगा. ही लिफ्ट कधी सुरू होईल?”

उद्यारावने सवयीने तोंड उघडलं. सगळी इमारत त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने घाम पुसला. “माहीत नाही,” तो म्हणाला.

“बसा, पाणी प्या,” ताई म्हणाली. “पहिल्यांदाच खरं बोललात.” आणि लगेच बहिणीकडे वळली, “धाकटे, तुझा तो स्क्रूड्रायव्हर आण. अध्यक्षांना दे. खाली जातायत, तेवढी पाटी काढून ठेवतील.”

धाकटीने आणून दिला. अध्यक्षांनी एकदा उतरत्या जिन्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे पाहिलं, आणि स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.