माणिकताईंच्या बोटाचं माप

माधुरीला कुणी विचारलं असतं की बाई गं, तुझं तोंड का पडलंय, तर तिने सांगितलं असतं, काही नाही, पप्पांच्या तब्येतीची काळजी वाटते. खोटं. साफ खोटं. ती जळत होती. छत्तीस वर्षांची बाई, घाटकोपरला स्वतःचं घर, पॅथॉलॉजी लॅबमध्ये चांगली नोकरी, मिथुनसारखा गरीब स्वभावाचा नवरा, आणि ही जळत होती कुणावर, तर सत्तावन्न वर्षांच्या एका रिटायर नर्सवर. कारण पप्पा त्या नर्सशी लग्न करत होते.

पप्पा म्हणजे धोंडिराम. जालन्याकडून तरुणपणी आले आणि मरोळच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं टर्नर म्हणून लेथ मशीनवर उभे राहिले. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी माधुरी मेट्रोने मरोळ नाक्याला उतरायची, पप्पांच्या गोळ्यांची डबी आठवड्याची भरायची, चादर बदलायची, मटण करून तीन डबे फ्रीजमध्ये ठेवायची. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, मुलगी असावी तर अशी. माधुरी वरवर काय हो काकू म्हणायची आणि आतून फुलायची. पप्पांना कधी काय लागतं, काय बोललं की त्यांना लागतं, कुठे गप्प बसायचं, हे जगात तिला एकटीला ठाऊक होतं. तो तिचा मान होता आणि त्यात वाटेकरी नव्हता.

आता आला होता. वाकोल्याच्या माणिकताई. मरोळच्या विहारात धम्मवर्गाला यायच्या, तिथे ओळख झाली. पप्पांचं बीपी मोजून द्यायच्या म्हणे. बीपी मोजता मोजता गोष्ट लग्नापर्यंत गेली आणि माधुरीला कळलं सगळ्यात शेवटी. पप्पांनी फोनवर सांगितलं, तेही गोळ्या संपल्यात हे सांगून झाल्यावर. तिने अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि मिथुनवर कारण नसताना खेकसली.

लग्न साधंच व्हायचं होतं, विहारात, दिवसा, पन्नास माणसांत. माणिकताईंनी सांगून टाकलं की मंगळसूत्र नको, दागिने-बिगिने नकोत, अंगठी तेवढी एक हवी. चौतीस वर्षं वॉर्डात अंगठी घालता आली नाही, आता घालीन म्हणाल्या. पप्पांना ते इतकं पटलं की विचारू नका. टर्नर माणूसही अंगठी घालत नाही. मशीनने पकडली तर बोटासकट घेऊन जाते. म्हणून तर त्यांच्या पहिल्या लग्नात अंगठ्यांचा विषयच निघाला नव्हता, आणि पुढेही कधी निघाला नाही. माधुरीला नेमकं हेच खुपलं. आईने अख्खा जन्म रिकाम्या बोटांनी काढला, तिने मागितली नाही म्हणून हे विसरले, आणि ही बाई आली नाही तोच मागून मोकळी झाली.

लग्नाच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी माणिकताई मरोळच्या घरी चहाला आल्या, तेव्हा पप्पांनी कपाटातून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. पत्र्याच्या डबीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला, त्यांचा जीव की प्राण. कंपनीत त्यांनी घडवलेला एकही जॉब, म्हणजे मशीनचा भाग, कधी मापावरून परत आला नव्हता आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. त्यांनी माणिकताईंचा डावा हात हातात घेतला. मग माधुरीने ते बघितलं जे तिला बघायचं नव्हतं. कुठलाही जॉब तीन ठिकाणी मोजायचा, ही त्यांची शिस्त. माधुरीच्या दहावीच्या प्रोजेक्टची लाकडी पट्टीसुद्धा त्यांनी तीनदा मोजली होती. आणि इथे त्यांनी बोटाच्या मुळाशी एकदा व्हर्नियर लावला, सतरा पॉइंट तीस मिलिमीटर म्हणाले, आणि कुणी बघितलं तर नाही ना अशा घाईने हात सोडून दिला. कानाच्या पाळ्या लाल. त्रेसष्ट वर्षांचा माणूस!

माधुरी चहाचा कप धरून बसली होती. माणिकताईंचे हात तिने नीट बघितले. जळणारी बाई बघते तसे, बारकाईने. बोटं आखूड, मुळाशी बारीक, आणि मधला सांधा संधिवाताने सुजून चांगला जाड झालेला. मुळाच्या मापाची अंगठी त्या सांध्यावरून बापजन्मी जाणार नाही, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. ती बोलणार होती, अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात माणिकताईंनी पप्पांच्या कपात न विचारता, त्यांना लागते तेवढीच, अर्धा चमचा साखर घातली, आणि माधुरी गप्प बसली.

पुढच्या शनिवारी बापलेक घाटकोपरला सोनाराच्या दुकानात गेले. तू चल, तुला यातलं कळतं, असं पप्पाच म्हणाले होते. माणिकताईंना घेऊन या, असं माधुरीने एकदा म्हणायचं म्हणून म्हटलं. तर पप्पा म्हणे नाही, विहारातच पहिल्यांदा घालायची, त्यांना आधी दाखवायची नाही. काऊंटरवर ऋता नावाची हसरी मुलगी होती. पप्पांनी तिच्यापुढे मापाची चिठ्ठी ठेवली, वर व्हर्नियर ठेवला, आणि ट्रेमधली एकेक अंगठी उचलून आतल्या कडेवरून अंगठा फिरवायला लागले. ही टोचेल. हिला फिनिशिंग नाही. हिच्या कडा घासून बोथट केलेल्या नाहीत, बोट कापेल. आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एरवी माधुरीला हसू आलं असतं, पण आज वाटलं, आईसाठी या माणसाने कधी साधी बांगडी तरी अशी तपासली होती का?

ऋताने माधुरीला तिच्याच बोटात अंगठ्या घालून बघायला लावल्या. तिसरी अंगठी बारीक होती, नाजूक, वरून किंचित गोलाई. आखूड बोटाला अशीच शोभते. बोट जरा लांब दिसतं. माणिकताईंच्या हातात ती झकास दिसली असती. माधुरीला ते दिसत होतं आणि म्हणूनच तिने ती काढून ट्रेमध्ये ठेवली. तिने उचलली रुंद, सपाट, जाडजूड पट्टी. आखूड बोटात अशी पट्टी म्हणजे पाइपाला क्लॅम्प.

ही घ्या, भरीव दिसते, ती म्हणाली. पप्पांनी कडेवरून अंगठा फिरवला. फिनिशिंग चांगलं होतं.

"तू निवडलीस म्हणजे चांगलीच असणार," ते म्हणाले. माधुरीला कुणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. पण तेवढ्यापुरतंच.

ऋता माप बघत होती. ती म्हणाली, काका, एक विचारू का, त्यांचा सांधा जाड नाही ना? या वयात बोट बारीक असतं पण सांध्यावर अडतं, आणि ही पट्टी रुंद आहे, आणखी अडेल. पप्पा गडबडले. सांधा मोजलाच नव्हता हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. ते माधुरीकडे वळले.

"तू बघितलास ना गं त्यांचा हात? सांधा कसा आहे?"

आता सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम. माधुरी काचेतल्या अंगठ्यांकडे बघत म्हणाली, "बारीकच आहे, पप्पा. बसेल."

पप्पांचा चेहरा मोकळा झाला. मुलीचा शब्द म्हणजे त्यांना व्हर्नियरपेक्षा पक्का.

त्यानंतरचे दोन आठवडे माधुरीला मन खात राहिलं असं म्हणावं तर तसंही नाही. रात्री डोळा लागायचा तिचा, व्यवस्थित. फक्त अधूनमधून तिला विहारातला तो क्षण दिसायचा, पन्नास माणसांसमोर अडकलेली अंगठी, त्या बाईचा पडलेला चेहरा, आणि तिला बरं वाटायचं. त्या चित्रात पप्पा कुठे आहेत, हे मात्र तिने एकदाही बघितलं नाही.

लग्नाच्या दिवशी विहारात पांढरे कपडे, पांढरी फुलं, समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. पप्पा नव्या कुडत्यात कोवळे दिसत होते. माधुरी हारांचं ताट घेऊन अगदी शेजारी उभी होती. हार झाले. पप्पांनी खिशातून डबी काढली, माणिकताईंचा डावा हात धरला, आणि अंगठी सरकवली.

ती सांध्यावर अडली.

पप्पांनी जरा जोर दिला. अंगठी हलली नाही. माधुरीने त्यांच्याकडे बघितलं, आणि जे चित्र तिने दोन आठवडे बघितलं नव्हतं ते हातभर अंतरावर होतं. पप्पांच्या कपाळावर घाम. ओठ किंचित उघडे. एकतीस वर्षांत ज्याचा जॉब परत आला नाही, त्या माणसाचा हा चेहरा. काय करून बसले मी, असं तिला झालं.

तेवढ्यात माणिकताईंनी मूठ मिटली. सहज मिटावी तशी. वरून दुसरा हात ठेवला आणि म्हणाल्या, "बसली. छान बसली."

सगळ्यांनी साधू, साधू, साधू म्हटलं. टाळ्या झाल्या. पप्पांचा श्वास सुटला, आणि ते हसले. कुणाला काही कळलं नाही. माधुरीला कळलं, कारण ती त्या मुठीकडेच बघत होती.

जेवणं बसली तरी माणिकताईंचा डावा हात पदराखाली. उजव्या हाताने जेवत होत्या, लोकांचा जय भीम घेत होत्या, हसत होत्या. मग उठून मागच्या बेसिनकडे गेल्या. माधुरी मागोमाग गेली. अंगठी सांध्यावर रुतली होती, बोट वरून लालबुंद सुजलं होतं, आणि बाई साबण लावून शांतपणे, पेशंटचं बोट असावं तसं, ती फिरवून फिरवून काढत होत्या. निघाली तेव्हा खाली कातडी सोललेली दिसली.

"त्यांना बोलू नकोस हं," माणिकताई म्हणाल्या. "मापाचा फार अभिमान आहे त्यांना. मी उद्या गुपचूप जाऊन वाढवून आणते."

आता माधुरी खरी जळली. आतापर्यंत जळत होती ते काहीच नव्हे. पप्पांना काय लागेल, कुठे गप्प बसायचं, हे जगात तिला एकटीला ठाऊक होतं ना? ही बाई ते भर लग्नात, बोट सोलत असताना, करून मोकळी झाली होती. आणि आपण? आपण पप्पांना पन्नास माणसांसमोर तोंडघशी पाडायला निघालो होतो.

"मला माहीत होतं," तिच्या तोंडून निघून गेलं. "दुकानात विचारलं होतं मला. सांधा बारीक आहे म्हणाले मी. मुद्दाम."

माणिकताईंनी नळ बंद केला. अंगठी बेसिनच्या कडेवर ठेवली. रागावल्या असाव्यात, रागावायलाच हवं होतं.

"मग हेही त्यांना सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांना सोसायचं नाही."

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. पप्पा आत आले. इथे काय करताय दोघी, माणसं विचारतायत, असं म्हणता म्हणता त्यांची नजर माणिकताईंच्या हातावर गेली. बोट रिकामं, सोललेलं. ओली अंगठी बेसिनच्या कडेवर. त्यांचा चेहरा उतरायला लागला. माणिकताईंनी काही बोलायला तोंड उघडलं, पण माधुरीने घाई केली. तिने अंगठी उचलली.

"मी काढायला लावली, पप्पा. फार रुंद आहे ही. माझी निवडच चुकली. त्यांच्या बोटाला बारीक हवी होती आणि मला तेव्हाच दिसलं होतं. ही टोचते त्यांना. बदलून आणते उद्या."

पप्पांनी ते सोललेलं बोट पुन्हा बघितलं. मग चढले. आयुष्यात ते तिच्यावर असे चढले नव्हते.

"दिसलं होतं तर बोलायला काय झालं होतं? बोट सोललं बघ त्यांचं! एक काम सांगितलं तुला, एक. तेवढंही जमू नये?"

भन्तेजींपर्यंत आवाज गेला असेल. दारात मिथुन येऊन थांबला आणि तसाच मागे फिरला. माधुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. चुकलं, म्हणाली. पप्पा नुसते तिच्यावर रागावले होते, म्हणून ठीक होतं. त्यांना मापाची शंका आली नव्हती.

तिने माणिकताईंकडे बघितलं, ही खूश झाली का ते बघायला. त्या खूश नव्हत्या. त्या माधुरीकडे बघतच नव्हत्या. पप्पांचा चेहरा तापला होता, श्वास जोरात चालला होता, आणि त्या त्यांचं मनगट धरून नाडी बघत होत्या. मग त्यांनी कुडत्याचं वरचं बटण सोडलं, गोळी घेतलीत का सकाळची, असं हळूच विचारलं. पप्पांनी मान हलवली. विसरले होते.

गोळी माधुरीच्या पर्समध्ये होती. गेली सहा वर्षं असायची, एक पट्टी, कायम. तिने ती काढली. पप्पांच्या हातावर गोळी ठेवायची, पाणी आणायचं, त्यांनी गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, हे सगळं तिचं काम होतं आणि ते दुसऱ्या कुणाला द्यायची कल्पनाही तिला सोसत नव्हती, अजूनही नाही.

तिने ती पट्टी माणिकताईंच्या हातात दिली आणि पाणी आणायला गेली.