सुकडीपायी गेलेली माझी पानं

मी पुस्तक बोलतोय. एका विधवा बाईनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं तिचं आयुष्य म्हणजे मी. पुठ्ठा निघालाय, शेवटची पानं नाहीत. तरी धारूरजवळच्या या गावानं माझ्याइतकं कुणालाच वाचलं नाही, हे मी जरा मिरवूनच सांगतो.

सोसायटीचे चेअरमन सुंदरराव मोठे हौशी. त्यांनी खताच्या गोदामातच एक कपाट ठेवून वाचनालय काढलं. लोक कादंबऱ्या न्यायचे. माझ्या शेजारची युरियाची पोतीसुद्धा माझ्याआधी उठायची.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. सगळं गाव तलावाच्या कामावर गेलं. बौद्धवाड्यातली मुक्ता सातवी शिकलेली. ती मला सोबत न्यायची आणि दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली मोठ्यानं वाचायची. पहिल्या दिवशी चौघी ऐकायला होत्या, आठवड्यात पन्नास झाल्या. राजाराणीच्या गोष्टीला माणसं "मग?" म्हणतात. मला त्या विचारायच्या, "हे खरं हाय ना?" कसले दिवस होते ते! पोटात काही नव्हतं, पण माझं ऐकायला माणसं होती.

सगळ्यांत पुढे दगडाबाई बसायची. नवरा वारलेला, पदरात लेक. तिला सुईणीचं शिक्षण घ्यायला बीडहून बोलावणं आलं होतं, पण धीर होत नव्हता. नेमकी माझी बाईही त्या दिवशीच्या पानावर नर्सिंग शिकायला निघालेली! दगडाबाईनं मुक्ताला सांगून टाकलं, "तिला जमलं तर मी बी जाईन. न्हाई जमलं तर हितं खडी फोडलेलीच बरी."

दुसऱ्या दिवशी मुक्ता बघते तर तिथून पुढची पानंच नाहीत. कामावर खायला मिळालेली सुकडी, ते गोडसर कोरडं पीठ, घरी बांधून न्यायला कामावरच्याच आश्रुबानं ती फाडली होती. हळूच मुक्ताला म्हणाला, "एवढं जाड पुस्तक, मला वाटलं कुणाला कळतंय!"

मुक्तानं एकवार दगडाबाईकडे पाहिलं. मग मला तोंडासमोर धरून, नसलेलं पान घडाघडा वाचलं, "मी पास झाले. पहिलं बाळंतपण एकटीनं केलं."

दगडाबाई त्याच आठवड्यात बीडला गेली.

मी मात्र शरमून गेलो. आत्मचरित्रानं खोटं बोलायचं म्हणजे काय! खरं तर माझी बाई पंधरा दिवसांत रडत पळून आली होती आणि पुढे खानावळ चालवून जगली होती.

मुक्ता आता नाही. गेल्या वर्षी दगडाबाईच्या नातीनं कुठून तरी माझी अख्खी प्रत मिळवली आणि इथेच, माझ्यासमोर, आजीला शेवटपर्यंत वाचून दाखवली. बाई पळून आली त्या पानावर पोर अडखळली. अर्ध्या गावाची नाळ कापलेली ती म्हातारी मात्र पोटभर हसली.

"पळाली व्हय? पळंल न्हाई तर काय! तिला वाचून दाखवायला मुक्ता कुठं व्हती?"

आता लोक ती नवी प्रतच नेतात. खुशाल न्या. एवढंच मागणं आहे, मला रद्दीत घालू नका. मुक्तानं वाचलेली पानं माझ्यात सापडायची नाहीत. ती दगडाबाई होऊन अजून काठी टेकत गावातल्या बाळंतिणी बघायला जातात.