सोनीबाईचं वजन

शेलूबाजारच्या आमच्या दवाखान्यात माणसं तोलायचा काटा नव्हता. जानराव डॉक्टरांनी एका कापूस व्यापाऱ्याकडून त्याचा जुना तराजू मागून आणला आणि ओसरीच्या आढ्याला टांगला. एका फळीवर माणूस, दुसऱ्या फळीवर लोखंडी वजनं. पेशंट हसायचे, पण मला त्या तराजूचा रागच यायचा. त्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, एका बाईचं जगणं-मरणं त्याच्यावर येऊन लटकलं होतं.

ती बाई सोनीबाई. पोहरादेवीच्या वाटेवरच्या बंजारा तांड्यातली, चाळिशीची. पोट फुगायला लागलं तेव्हा तांड्यातल्या बायांनी "या वयात दिवस गेले व्हय?" म्हणून तिची थट्टा केली, खोबरं-गूळ खाऊ घातला. पोटात निघाला अंडाशयाचा कॅन्सर. अकोल्याला ऑपरेशन झालं, गाठ निघाली, पण थोडी आतच राहिली. अशा बाईला तेव्हा घरी पाठवत आणि देवाचं नाव घ्या म्हणत.

पण आमचे डॉक्टर मुंबईत शिकलेले. तिथले त्यांचे गुरुजी या रोगावर एक नवं औषध देऊन पाहत होते. त्यांनी काही कुप्या जानरावांना दिल्या होत्या. कुठली बाई किती जगते ते मुंबईला कळवायचं. आधीच्या दोघी आमच्या डोळ्यांदेखत गेल्या. सोनीबाई तिसरी. डॉक्टर खुर्चीत टेकले की लगेच उठायचे, ओसरीत फेऱ्या मारायचे, माझ्यावर खेकसायचे. मीही काही कमी नव्हते, उलट खेकसायचे. चैन दोघांनाही नव्हतं.

औषध जहाल होतं. ते रोगाला मारायचं, माप चुकलं तर माणसालाही. म्हणून जितकं वजन तितकं औषध. आणि एका हद्दीखाली वजन गेलं तर औषध द्यायचंच नाही. त्या हद्दीची वजनं डॉक्टरांनी खडूनं खुणा करून वेगळी ठेवली होती. सोनीबाईच्या नवऱ्याला, सोमलाला, त्यांनी घाईघाईत एवढंच सांगितलं, "हिचं वजन उतरलं तर सुई बंद." उरलेला नियम सांगायचा राहिला.

पहिल्यांदा तोलताना मी म्हटलं, "सोनीबाई, अंगावरचं सगळं काढा." पायात वाक्या, गळ्यात हासळी, कोपरापासून खांद्यापर्यंत पांढरे चुडे. तिनं दोन्ही दंड छातीशी घट्ट धरले.

"नरसबाई, चुडा नवरा मेल्यावर काढतेत. तुमाले समजते का नाई?"

मी वाद घातला. डॉक्टर कंटाळून म्हणाले, "असू द्या हो अख्तरीबाई. दरवेळी अंगावर तेवढंच असणार." आणि विषय मिटला. मला आजही वाटतं, तिथंच थोडं भांडण वाढवायला हवं होतं, पण डॉक्टरांपुढं बोलून बोलून मी किती बोलणार!

पहिल्या सुईनं ओकाऱ्या झाल्या, पण पुढं पोट मऊ पडलं. सोनीबाई अर्धी भाकरी खायला लागली. सोमलानं देवीला नारळ फोडला, डॉक्टरांनी मुंबईला पत्र धाडलं. दोघांनाही खात्री, आपल्याचमुळं गुण आला.

सोमला बैलांचा व्यापारी. सारा जन्म बाजार फिरण्यात गेलेला. बाजाराच्या दिवशी सकाळी बैलाला मीठ चाटवतात, मग तो पोटभर पाणी पितो आणि भरल्या अंगाचा दिसतो. या धंद्यातल्या कुणालाच यात पाप वाटत नाही.

दुसऱ्या महिन्यात सोनीबाईचं वजन वाढलं. डॉक्टरांचा चेहरा असा फुलला की मला त्यांची कीवच आली. वजन वाढलं म्हणून औषधही वाढलं. आणि मग तांड्यातून निरोप यायला लागले. तोंडात फोड, हिरड्यांतून रक्त, केसांचे पुंजके हातात. बाई उठून बसेना. माझ्या जिवाला घोर लागला. भांडी उकळताना, पट्ट्या गुंडाळताना, नमाजाला बसले तरी तिचंच तोंड समोर.

तिसऱ्या महिन्यात ती गाडीतून आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. गाल आत, डोळे खोल. आणि तराजू म्हणत होता, वजन आणखी वाढलंय!

"डॉक्टर, हे पटत नाही," मी म्हटलं. "चेहरा बघा तिचा."

"पोटात पाणी साठलेलंही नाही, मी तपासलं. तराजू खोटं बोलतो का?"

"मला काय माहीत! पण आज थांबा."

"किती थांबू? दोघी गेल्या थांबता थांबता!" त्यांनी कुपी फोडली, औषध कालवलं, सुई भरली. कालवलेलं औषध फार वेळ टिकत नाही. त्यांची घाई मला कळत होती.

सोनीबाई सुईकडे बघत होती. "डाक्तरसायेब, मांगच्या खेपेले मी मरता मरता वाचली. औषध जास्त झालं होतं काय?"

"नाही. वजनाप्रमाणंच दिलं. वजन वाढलं म्हणून औषध वाढवलं. आज अजून थोडं वाढवलंय."

"वजन वाढलं का औषध वाढते?"

"हो."

तिनं मान वळवून सोमलाकडे पाहिलं. तो फेटा काढून हातात चुरगळत होता.

"तुले मालूम होतं?"

"मले कायचं मालूम!" तो जवळजवळ ओरडलाच. "वजन उतरलं त सुई बंद, एवढंच सांगतलं यायनं. तू रोज वाळून राह्यली होती. मंग म्या काय करू? पाह्यत बसू?"

 तिनं घागऱ्याच्या आत हात घातला आणि कमरेभोवती गुंडाळलेली चांदीची साखळी ओढून काढली. "हे हिरीबाईची," म्हणून फळीवर टाकली. मग दुसरी. "हे माह्या जावेची." पोटऱ्यांना फडक्यात बांधलेल्या वाक्या निघाल्या, कडी निघाली. ज्या बाया झोपतानाही अंगावरची चांदी उतरवत नाहीत, त्यांनी सोनीच्या सुईसाठी ती काढून दिली होती. साऱ्या तांड्यानं मिळून तिला जगवायचा घाट घातला होता, आणि त्यानंच ती मरणार होती. मला रडू आवरेना.

ओसरीत चांदीचा ढीग झाला. डॉक्टर सुई हातात धरून तसेच उभे.

"नरसबाई, साबण द्या," सोनीबाई म्हणाली.

तिनं दंडाला साबण लावला आणि चुडा ओढायला लागली. सोमला धावला. "सोनी, थो नाई! म्या जित्ता हाय ना!"

"तू जित्ता हायेस म्हणूनच काढून राह्यली. मेल्यावर त कोनीबी काढते."

एकेक चुडा निघत गेला. खाली कातडी पांढरीफटक, कधी ऊन न लागलेली. मग ती फळीवर उभी राहिली. मी दुसऱ्या फळीवर खडूच्या खुणांची वजनं ठेवली. तिची फळी वरच राहिली, जरासुद्धा खाली आली नाही.

डॉक्टरांनी सुई मोरीत रिकामी केली.  "मी मारलं असतं तुम्हाला," ते म्हणाले.

"आता सुई बंद काय?" तिनं विचारलं.

"आज बंद. महिनाभर खा. दूध, अंडी, जे पचेल ते. खरं वजन भरलं तर पुन्हा देतो, बेतानं."

"अन नाई भरलं त?"

डॉक्टरांनी खडूच्या खुणांची वजनं उचलून पुन्हा वेगळी ठेवली.

परत जाताना सोमला गाडीत बसला नाही. उघड्या दंडांची सोनी तांड्यात शिरली असती तर बायांनी त्याच्या नावानं रडणं सुरू केलं असतं. आधी आपण दिसावं म्हणून तो बैलांच्या पुढं पायी चालत गेला, बोडक्या डोक्यानं, उन्हात.

तो महिना कसा गेला ते विचारू नका. रस्त्यावर गाडीचं चाक वाजलं की मी ओसरीत यायचे, आणि डॉक्टर आधीच तिथं उभे असायचे.  एके दिवशी दुपारी आधी सोमला दिसला, बैलांच्या पुढं चालत. माझी नजर त्याच्यावरून घसरून गाडीत गेली.

सोनीबाई उतरली. अंगावर एक लुगडं, बाकी काही नाही. कुणी सांगायच्या आधी ती फळीवर जाऊन उभी राहिली. मी खुणांची वजनं ठेवली. फळ्या वरखाली हलल्या, थोडा वेळ अडल्या, आणि तिची फळी हळूहळू खाली आली.

डॉक्टरांनी वाकून दोनदा पाहिलं.

"भाकरीचं हाय," सोनीबाई म्हणाली. "भरा सुई."