शिखराच्या अलीकडे

“अहो, जॅकेटची चेन लावा आधी.”

हेमचंद्र चेनशी झटत होते, पण बोटं ऐकत नव्हती. सुनेत्राने जवळ जाऊन ती लावून दिली. आतला शर्ट ओलाच होता. खाली जंगलात पावसाने गाठलं तेव्हा शर्ट काढून टाका म्हणून ती मागे लागली होती. ‘वाळेल गं’ म्हणत त्यांनी उडवून लावलं होतं.

झाडं केव्हाच खाली राहिली होती. इथे नुसते दगड, त्यांना चिकटलेलं शेवाळ, बोटभर उंचीची झुडपं आणि मोकाट वारा. वाट कळावी म्हणून जागोजागी दगडांच्या राशी रचल्या होत्या. समोरच्या चढावर शिखरावरची लाकडी चौकी दिसत होती.

गास्पे भागातल्या या डोंगरावर यायचं सुनेत्राच्या मनात कितीतरी वर्षं होतं. मॉन्ट्रियलच्या गार्दरीत, म्हणजे पाळणाघरात, तिने जन्मभर लोकांची लहान मुलं सांभाळली. सुट्टी मिळायची तेव्हा कधी लेकीची, निधीची परीक्षा, कधी नागपूरहून आलेले पाहुणे. आता ऑक्टोबरमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर असे डोंगर नाहीत, हे सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं. विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या हेमचंद्रांना चढाची मुळीच हौस नव्हती. ते तिच्यासाठी आले होते.

“तू जाऊन ये,” खडकाला टेकून बसत ते म्हणाले. “मी जरा ब्रेक घेतो.”

“नक्की?”

“जा गं. समोर तर आहे.”

ती निघाली. गुडघा ठणकत होता, तरी पाय झपझप पडत होते. अचानक चौकी दिसेनाशी झाली. तिने वळून पाहिलं, तर हेमचंद्रही दिसेनात. ढग खाली उतरला होता.

“अहो, ऐकू येतंय का?”

ती तशीच मागे फिरली. एक खडक आला, त्याला टेकून कोणी नव्हतं. दुसरा आला, तिथेही नाही. मग दगडांची एक रास हाताला लागली आणि तिच्या पलीकडे ते दिसले. डोळे मिटलेले, दात कडकडा वाजत होते.

“आलीस? दिवा... दिवा मालव.”

“कुठला दिवा?”

ते काहीतरी पुटपुटले. शब्द एकमेकांत अडकत होते.

तिने त्यांचा ओला शर्ट काढला. स्वतःचा स्वेटर काढून त्यांच्या अंगात घातला, वरून जॅकेट चढवलं, थर्मासमधला गोड चहा घोट घोट पाजला.

“उठा. खाली जायचंय.”

“झोपू दे थोडं.”

“झोपायचं नाही. उठा म्हणते ना.”

या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. ते उठले. त्यांचा हात खांद्यावर घेऊन ती एका राशीकडून पुढची रास शोधत उतरू लागली. पुढची दिसेपर्यंत हाताशी असलेली सोडायची नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. वाटेत ती सारखं विचारत राहिली.

“निधी कुठे असते?”

“नागपूरला.”

“नाही. नीट आठवा. कुठे असते?”

ते गप्प झाले की ती दंडाला चिमटा काढायची. प्रत्येक पावलाला गुडघ्यातून कळ येत होती. झाडं सुरू झाली तसा वारा पडला, आणि बऱ्याच वेळाने हेमचंद्र आपणहून म्हणाले, “हॅलिफॅक्सला. निधी हॅलिफॅक्सला असते.”

तिने त्यांचा हात खांद्यावर घट्ट धरला.

खाली बसथांब्यावर रेंजरने ब्लँकेट दिलं, त्यांना तपासलं, ठीक आहेत म्हणाला. सुनेत्रा डोंगराकडे पाठ करून त्यांच्यासमोरच्या बाकावर बसली आणि त्यांची गार बोटं तिने आपल्या काखेत धरली. इतक्यात आजूबाजूचे लोक फोटो काढायला फोन घेऊन उभे राहिले. ढग सरला होता.

“अगं, मागे बघ,” हेमचंद्र म्हणाले. “पूर्ण उघडलंय.”

“तुम्हीच सांगा. कसं दिसतंय?”

ते सांगू लागले. चौकी, तिच्याखालचा करडा उतार, त्यावर सरकणारी उन्हाची पट्टी. सुनेत्रा मान खाली घालून ऐकत होती. प्रत्येक शब्द स्पष्ट येत होता.