दोराच्या अलीकडे

मित्रांनो, अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत खुंटीला लटकलेला मी एक जुना दोर आहे. कारखान्यात तागाचे तीन पेड वळून मला तयार केलं. काम एकच दिलं. आग लागली किंवा भिंत पडली, की आडवं राहून बघ्यांना अडवायचं.

केंद्रातले उस्ताद नव्या जवानांना शिकवताना मला हातात घेत. म्हणत, "याला आपण कॉर्डन म्हणतो. शब्द फ्रेंच आहे. मूळ अर्थ बारीक दोरी, शोभेची फीत. पहाऱ्यावरच्या शिपायांच्या रांगेला ते नाव नंतर मिळालं. आधी दोरी, मग शिपाई." हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. शोभेच्या फितीचं मात्र मी सोयीने विसरून जायचो.

एका सकाळी तीन मजली इमारत कोसळली. आत एक गवंडी अडकला होता. मला दोन खांबांमध्ये बांधलं. त्याची बायको मला घट्ट धरून उभी राहिली. उस्तादांनी हात वर केला, म्हणजे सगळ्यांनी गप्प राहायचं. जवानांनी ढिगाऱ्याला कान लावले. आतून ठक ठक ऐकू आलं. पण नेमकं कुठून, ते कळेना.

तिनेही ते ऐकलं. धावत आत जावंसं तिला वाटत होतं, तरी तिने मला ओलांडलं नाही. मागे वळून ती म्हणाली, "दादा, ताई, जरा गप्प राहा. आत माझा माणूस आहे."

पण बघ्यांना दम कुठला. रेलारेली झाली, मोबाइल उंचावले. मी जीव खाऊन ताणून राहिलो. तेवढ्यात एक हौशी माणूस मला वर उचलून आत घुसला, त्याच्यामागे आणखी चौघे. त्यांच्या पायांखाली ढिगारा सरकला. त्यांना बाहेर काढण्यात आणि ढिगाऱ्याला टेकू देण्यात दोन तास गेले. त्यांच्या लेखी मी नुसती फीत होतो, आणि मला रडताही येईना.

उस्तादांनी पुन्हा हात वर केला. आता सगळे गप्प होते. आतून काहीच आवाज आला नाही.

संध्याकाळी गवंड्याला बाहेर आणलं. त्याच्या मुठीत विटेचा तुकडा होता. बायकोने तो काढायचा प्रयत्न केला, पण मूठ सुटेना.

हल्ली माझ्याऐवजी प्लास्टिकची पट्टी बांधतात. ती ओलांडणं तर आणखी सोपं. मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. दोर दिसो की पट्टी, अलीकडेच थांबा. आणि गप्प थांबा. आत कुणीतरी ठोकत असेल.