प्रश्नाआधीचा कौल

येरमाळ्याजवळ हायवेलगत योगीराज महाराजांच्या मंडपात त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. भगव्या कापडानं झाकलेल्या पेटीतून महाराज सीलबंद पाण्याची बाटली काढत, भक्ताचा प्रश्न ऐकत आणि बाटली पाटावर आपटत. आतलं पाणी डोळ्यांदेखत गोठलं की देवीचा होकार, नाही गोठलं की नकार. पंचतत्त्वं आपल्या मुठीत आहेत, असं महाराज सांगत. मग मंडपामागं जनरेटर कशाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

हायस्कुलात विज्ञान शिकवणारी मोनिका मात्र त्या जनरेटरची वायर बघत होती. ती वायर थेट महाराजांच्या पेटीपर्यंत गेली होती. आठ दिवसांपूर्वी तिच्या सासूनं, हरणाबाईनं, इथंच कौल घेतला होता की साखरेचं इंजेक्शन बंद करू का. बाटली गोठली आणि म्हातारीनं सुई सोडली. आता ती तांब्यावर तांबे पाणी पीत होती, उठताना तोल जात होता, तरी पुन्हा कौल घ्यायला आली होती.

हरणाबाईनं हात जोडले. प्रश्न तोंडातून निघायच्या आत मोनिकानं पुढं होऊन पेटी गदागदा हलवली आणि झाकण उघडलं.

"आत्या, आत बघा."

आतल्या बाटल्या एकामागून एक पांढऱ्या पडत होत्या. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी देवीचा सगळ्यांना होकार होता.

बाईचा हात लागल्यानं देवी कोपली, असं महाराज म्हणाले. कोल्ड्रिंकवाला धुळाप्पा हसला. "मग आमच्या फ्रिजावर देवी लई डाव कोपती की."

मोनिकानं तिथंच तास घेतला. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरतात, सोडतात, म्हणून पाणी वाहतं. बर्फात प्रत्येक रेणू चौघांना धरून, मधे मोकळी जागा सोडून उभा राहतो, म्हणून बर्फ फुगतो आणि तरंगतो. पण शुद्ध पाणी निवांत ठेवलं तर शून्याखाली जाऊनही पातळच राहतं. लेझमीत कुणीतरी पहिलं पाऊल टाकावं लागतं, तसा इथं गोठायला एक दणका लागतो. नकार द्यायचा असला की महाराज नुकतीच ठेवलेली, कमी गार बाटली काढत.

हरणाबाईचा आवाज बारीक झाला. "मग माज्या साखरंचं देवी काय म्हनली व्हती?"

"देवीला कुणी विचारलंच न्हाय, आत्या. तुम्ही फ्रीझरला विचारलं."

दवाखान्यात साखर पाचशेच्या वर निघाली. म्हातारीनं पदर सारून सुईसाठी पोट पुढं केलं. बाटलीला फार तर गारवा कळतो. रक्तातलं विचारायचं तर रक्तालाच विचारावं.