आईचं माहेरचं आडनाव

आम्रपालीनं शेवटचं अक्षर दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ उमटली.

"ये भी नहीं," मागं उभा असलेला दुलीचंद म्हणाला. बालाघाटच्या बस स्टँडमागचं ते सायबर कॅफे त्याचं होतं. "पासवर्ड छोड़ो अब. 'भूल गए' वाला दबाओ. एक सवाल पूछेगा, जवाब दे दो, नया बन जाएगा."

शेवंताबाई शेजारच्या स्टुलावर पिशवी कवटाळून बसली होती. प्लायवूडच्या त्या कप्प्यात दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते.

जबलपूरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्सच्या जागा निघाल्या होत्या. आम्रपाली लेखी परीक्षा पास झाली होती, मुलाखत परवावर आली होती. बोलावणं ईमेलवर पाठवलंय, त्याचा छापील कागद आणा, त्याशिवाय आत घेणार नाही, असं सकाळी फोनवर सांगितलं गेलं. ईमेल तिनं नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मैत्रिणीच्या नादानं उघडलं होतं, नंतर ते क्वचितच पाहिलं. वडील टिकाराम मलाजखंडला खाणीत ड्युटीवर होते. म्हणून शेवंताबाई अंगणवाडीतली मुलं मदतनीस बाईकडं सोपवून पोरीबरोबर आली होती. तसंही नर्सिंगचा हट्ट तिचाच होता. टिकारामला पोरीचं बी.ए. पुरेसं वाटत होतं. त्याच्या ताटात वाढायचं आणि बोलायचं मात्र नाही, असा शेवंताबाईनं जवळजवळ महिना काढला, तेव्हा कुठं तो तयार झाला.

पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. दुलीचंदनं वाकून वाचला.

"माँ का शादी से पहले का सरनेम. लो, ये तो आसान है. चाची साथ में ही बैठी हैं."

"रामटेके," शेवंताबाई म्हणाली. लगेच म्हणाली. मेश्रामांच्या घरात आल्यापासून ते नाव तिला कोणी विचारलं नव्हतं. ते असं यंत्रात विचारलं जातं, त्यावर पोरीचं काम अडतं, याचं तिला नवल वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. तिनं पदर सारखा केला.

आम्रपालीनं एक एक अक्षर टाकलं. शेवंताबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण अक्षरं येत होती, अंगणवाडीत ती मुलांना शिकवायची. आर, ए, एम. ती मनात म्हणत गेली.

लाल ओळ आली.

"स्पेलिंग चुकलं असंन," आम्रपाली घाईनं म्हणाली. "डबल ए टाकून पाहतो."

तेही चुकलं.

"अब एक ही मौका है," दुलीचंद म्हणाला. "इस बार गलत हुआ तो कल शाम तक बंद. आराम से सोचो. नाम तो यही है ना, चाची? अपना मायका तो कोई नहीं भूलता." तो हसला आणि पलीकडच्या कप्प्यातल्या गिऱ्हाइकानं हाक मारली म्हणून तिकडं गेला.

आम्रपाली पडद्याकडं बघत राहिली. तिच्या मानेवर घाम आला होता.

"काहून थांबली?" शेवंताबाई म्हणाली. "एकदा बिना डबलचं, पण शेवटी..." आणि बोलता बोलता तिची नजर खाली गेली. पोरीचं बोट एका अक्षरावर टेकलेलं होतं. दाबत नव्हतं, नुसतं टेकलेलं होतं. ते आर नव्हतं. जी होतं.

अंजना गजभिये, टिकारामची पहिली बायको, लामत्याची. काविळीनं गेली तेव्हा आम्रपाली चार वर्षांची होती. पुढच्या वर्षी शेवंताबाई त्या घरात आली. पोरीनं पहिल्याच आठवड्यात तिला आई म्हटलं, वॉर्डातल्या बायांना त्याचं केवढं कौतुक. अंजनाचा फोटो घराला चुना मारताना भिंतीवरून उतरवला होता, तो परत लावायचा राहून गेला. लावू नका असं कोणी म्हटलं नव्हतं. लावा असंही कोणी म्हटलं नाही, शेवंताबाईनंही नाही. ते नाव घरात कोणी घेत नसे. उन्हाळ्यात अंजनाचा भाऊ, तेजराम मामा, यायचा आणि भाचीला आठ-दहा दिवस लामत्याला न्यायचा. तिथून परत आली की पोरगी थोडे दिवस कमी बोलायची, मग पुन्हा पहिल्यासारखी व्हायची. शेवंताबाईला वाटायचं, ती विसरत चालली आहे.

पोरीला उत्तर ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. शेवंताबाईसमोर ते टाकावं लागू नये म्हणून तिनं दोन वेळा रामटेके टाकलं होतं, आणि आता तिसऱ्यांदाही टाकलं असतं.

शेवंताबाई उठली. स्टूल मागच्या फळीला आपटलं.

"आत लय गरम होऊन राह्यलं. मी बाहेर बसतो. तू कर आरामात."

"थांब ना आई. होईनच आता."

"कर म्हटलं ना."

बाहेर पायरीवर सावली होती. बिरशाला जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर ओरडून माणसं भरत होता. पण त्या आवाजातही तिला आतली कळफलकाची टकटक ऐकू आली. या वेळी ती कुठं अडखळली नाही. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग प्रिंटर कुरकुरला.

आम्रपाली कागद हातात धरून बाहेर आली. चेहरा उजळला होता, पण डोळे शेवंताबाईच्या खांद्यापलीकडं कुठंतरी होते.

"खुललं, आई. शेवटी डबल ई होता. रामटेकेच होतं."

"हौ," शेवंताबाई म्हणाली. "मले वाटलंच."

तिनं कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला. दोघी रस्त्याला लागल्या. चौकात आल्या.

जबलपूरला दोघींनी जायचं ठरलं होतं. शेवंताबाईनं सुपरवायझरच्या मागं लागून सुट्टी मंजूर करून घेतली होती. जबलपूर तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"परवा तुह्या मामाले संगं ने," ती म्हणाली.

आम्रपाली थांबली. "तू येणार होती ना?"

"अंगणवाडीत तपासणी निघाली. जबलपूरची छोट्या लाईनची गाडी लामत्यावरूनच जाते. तेजराम तिथं चढंन. माणूस असला की बरं असते."

तपासणी कसली, कधी निघाली, हे पोरगी विचारेल असं शेवंताबाईला वाटलं. नाही आई, तूच चल, असं म्हणेल असंही वाटलं. ती पिशवीचे बंद सारखे करत उभी राहिली.

"बरं," आम्रपाली म्हणाली. "मग मामाले आत्ताच फोन लावतो."

समोरच पीसीओ होता. आम्रपालीनं कागद तिच्याकडं सांभाळायला दिला आणि काचेच्या खोक्यात शिरली. काचेतून आवाज येत नव्हता, नुसते तिचे ओठ हलताना दिसत होते. बोलता बोलता ती हसली. सकाळपासून पहिल्यांदाच हसली. मग रिसीव्हर कानाला तसाच ठेवून तिनं दार थोडं उघडलं.

"आई, मामी म्हणते डबा तीच देते दोघांचा. तू काही करू नको म्हणते."

"हौ," शेवंताबाई म्हणाली. "सांग तिले, बरं म्हणून."